रिकामी चौकट

ओरेशेन, २८ सप्टेंबर २००३

प्रिय रायना आत्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी खुर्ची शोधली असशील. फोन सोडून या पोरीनं पत्र का लिहिलं, घरात कुणी गेलं की काय? तसं काही नाही. आई अंगणात लाल मिरच्या भाजतेय, बाबा बरण्यांची झाकणं शोधतायत आणि दोघं एकमेकांवर डाफरतायत. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

पत्राचं खापर आमच्या साहित्याच्या दोनेवा बाईंवर फोड. यंदा दहावीला त्यांनी 'उसना कोट' नावाची कादंबरी लावली आहे. प्रत्येकानं घराबाहेरचं एक वडीलधारं माणूस धरायचं, त्यानं तीच कादंबरी वाचायची आणि दोघांनी तिच्यावर हातानं पत्रं लिहायची. पत्रं वहीत लावायची आहेत. मी तुला धरलंय. पुस्तक सोबत पाठवतेय. कोपरे दुमडू नकोस, शाळेचं आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. इर्मा नावाची मुलगी चार वर्षांची असताना एका गिरणीवाल्याच्या घरी येते. त्यांची मुलगी पाण्यात बुडालेली असते. तिचा कोट, तिचा पलंग, सगळं इर्माला मिळतं. इर्माची खरी आई जिवंत असते आणि पत्रं पाठवत असते, पण गावातली टपालवाली अगाता ती पत्रं कुणाला देतच नाही, आपल्या पिशवीत ठेवून देते. बाईंचा पहिला प्रश्न असा: ज्याला ठाऊक आहे आणि जो गप्प बसतो, तो घरचा की परका?

तुलाच का धरलं, तर तीस वर्षं सूतिकागृहात सिस्टर होतीस, आई आणि मूल यातलं तुझ्याइतकं कुणाला कळणार. उन्हाळ्यात तुझ्या कपाटाच्या काचेत खोचलेले मुलांचे फोटो मी मोजले. सात आहेत. त्यात मी नाही. मला राग आला होता, पण तुझ्या हातचं आइस्क्रीम चालू होतं म्हणून बोलले नाही.

तुझी,
सिल्याना

~

बुर्गास, ६ ऑक्टोबर २००३

सिल्या बये,

पत्र मिळालं आणि खरंच आधी खुर्ची शोधली. पुढच्या वेळी पाकिटावरच 'सगळे ठीक' असं लिहीत जा. माझं ब्लडप्रेशर तुझ्या बाईंच्या प्रयोगांसाठी नाही.

सहा प्रकरणं वाचली. लेखिकेनं जन्मात कधी चूल पेटवलेली नाही. ओल्या लाकडावर भाकरी फुगवते ही बाई. आणि गिरणीवाल्याची बायको सारखी खिडकीत उभी. कामं कोण करतं त्या घरात?

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तुम्ही सगळ्या पोरी त्या अगाताच्या नावानं बोटं मोडणार, हे मला आत्ताच दिसतंय. पण मला ती एकटीच शहाणी वाटली. पत्र पोचवलं असतं तर काय झालं असतं? कुठली कोण ती कोवळी आई, धड राहायला जागा नाही, डोक्यावर कुणाचा हात नाही. पोरगी तिच्यामागे वणवण फिरली असती. इथे तिला ऊब मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, आई म्हणायला बाई मिळाली. अगातानं एक पाप केलं असेल, पण तीन माणसांना घर दिलं. तिला घरचीच म्हणायला हवं. हे असंच्या असं लिही वहीत.

फोटोंचं म्हणशील तर ती माझ्या हातची मुलं. त्यांचे आईबाप आठवणीनं दरवर्षी एकेक पाठवतात. काही जण मधही पाठवतात. तू त्यात कशाला हवीस? तू आपल्या घरची. घरच्या पोरीचा फोटो काचेत लावत नाहीत.

वेस्काला सांग, मिरच्यांत लसूण कमी घाल. दान्चोला सांग, झाकणं तळघरात डाव्या फळीवर असतात, त्याच्या लहानपणापासून तिथेच असतात.

आत्या

~

ओरेशेन, १४ ऑक्टोबर २००३

प्रिय आत्या,

झाकणं डाव्या फळीवरच होती. बाबांनी दोन मिनिटं तुझं नाव घेतलं नाही, नुसतं 'हं' म्हणाले.

तुझं अगाताबद्दलचं वर्गात वाचून दाखवलं. अर्धा वर्ग तुझ्या बाजूनं, अर्धा विरुद्ध. मी विरुद्ध आहे, राग मानू नकोस. घर दिलं म्हणतेस, पण ते तिनं स्वतःचं थोडंच दिलं? दुसऱ्या बाईच्या घरातून उचलून दिलं.

आता नवं काम ऐक. दोनेवा बाई म्हणाल्या, कुणाचं कोण हे आपल्या गावात पुस्तकात शोधायला नको, खांबाखांबांवर चिकटवलेलं असतं. म्हणून आम्ही शोकपत्रकं वहीत उतरवून घेत फिरतोय. वर फोटो कुणाचा, खाली 'शोकाकुल' म्हणून नावं कुणाची. मजाच आहे. खाटीक स्तामोच्या दोन मुली बोलत नाहीत, तर त्याची दोन वेगळी पत्रकं, एकाच खांबावर, एकमेकांवर अर्धी चढवलेली. दोन्हींत 'एकुलती एक लेक' असं लिहिलंय. आई म्हणाली, हसू नकोस, पण स्वतः हसत होती.

एक मात्र बघून हसू आलं नाही. लाकडाच्या वखारीपुढच्या गल्लीत हिरवं फाटक आहे, त्यावर गेल्या वर्षीचं एक पत्रक आहे, ऊन-पावसानं पिवळं पडलेलं. फोटोच्या जागी नुसती काळी चौकट, आत काही नाही. नावही नाही. 'आमची मुलगी. १४ नोव्हेंबर ते १५ नोव्हेंबर १९८७. पंधरा वर्षं झाली.' आणि खाली सगळ्या नावांच्या जागी एकच शब्द: आई.

माझ्याहून दोनच दिवसांनी मोठी.

मी उतरवून घेत होते तर फाटक उघडलं. बाईला वाटलं मी पत्रक फाडतेय. सांगितल्यावर आत बोलावून लिंडेनच्या फुलांचा चहा दिला. शिवणकाम करते, घरभर पँटी आणि चेनी. नाव विचारायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी इथल्या शिवणाच्या कारखान्यात कामाला आली, त्याआधी दोल्ना रेकाला होती. मी म्हटलं, माझी आत्या तिथल्याच सूतिकागृहात होती! तिनं कपात साखर घातली, मग पुन्हा घातली.

तिनं सांगितलं ते मला विसरता येत नाहीये. सतरा वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं. सकाळी सिस्टर येऊन म्हणाली, गेली मुलगी. हिनं बघायला मागितली तर म्हणाली, 'पाहू नकोस. पाहिलीस तर आयुष्यभर दिसत राहील.' कुठे पुरली तेही कुणी दाखवलं नाही. म्हणून थडगं नाही, म्हणून फाटक.

तुझ्या वेळचीच गोष्ट आहे. आठवतेय का कुणी अशी?

सिल्याना

~

बुर्गास, १९ ऑक्टोबर २००३

सिल्याना,

नाही आठवत. हजारांनी बाळंतपणं केली, एकेकीला कुठे लक्षात ठेवू. त्या काळी तशीच रीत होती. गेलेलं मूल आईला दाखवत नसत, दवाखानाच सगळं उरकायचा. डॉक्टरांचा नियम होता, आणि आईच्या भल्यासाठीच होता.

तुमच्या बाईंना म्हणावं, पुस्तक शिकवायचं तर पुस्तक शिकवा. पोरींना लोकांच्या दारात पाठवून त्यांची धुणी चव्हाट्यावर आणू नका. खाटकाच्या मुलींवर लिही, ते पुरे आहे. एका दिवसाच्या बाळासाठी पंधरा वर्षं कागद चिकटवत फिरणारी बाई ठिकाणावर नसते. अशा बाया दुसऱ्याच्या मुलींना लळा लावतात आणि मग सोडत नाहीत. मी पाहिल्यात. त्या गल्लीनं जाऊ नकोस. वखारीकडून फिरून ये, दहा मिनिटं जास्त लागतील तर लागू देत.

माझे डोळे बरे नाहीत. इर्माला ती टपालाची पिशवी सापडते तिथपर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं.

वेस्काला मी फोन करेन.

आत्या

~

ओरेशेन, २ नोव्हेंबर २००३

प्रिय आत्या,

आई म्हणते तू या आठवड्यात तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा एकच विचारलंस, सिल्या घरी आहे ना. तिला वाटतंय तुझं ब्लडप्रेशर फार वाढलंय. बाबा म्हणतात म्हातारपण. मी म्हटलं, आत्या आणि म्हातारी? ती आपल्या सगळ्यांना पोचवून मग निवांत बसेल. पण खरं सांग, काय होतंय तुला?

काल मृतांचा शनिवार होता. आजी-आजोबांच्या थडग्यांवर जाऊन आलो. आईनं गहू उकडून साखर घातली होती, बाबांनी वाइन ओतली, शेजारणी आपापली भांडी घेऊन एकमेकींना चमचा चमचा वाढत होत्या. परतताना आई-बाबा बाजारात वळले आणि मी एकटी आले. हो, त्या गल्लीनं. तुला खोटं सांगणार नाही.

ती फाटकात उभी होती, हातात गव्हाचं भांडं, झाकलेलं. तिला थडगं नाही म्हणून ती फाटकातच वाटते. लोक बघतात, मान हलवतात आणि पुढे जातात. भांडं भरलेलं होतं. थांबले आणि दोन चमचे खाल्ले, आणि म्हणतात तसं म्हटलं, देव तिला क्षमा करो. ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, 'डावखुरी आहेस?' म्हटलं, हो, घरात मी एकटीच. तर म्हणाली, मीही. एवढंच.

नंतर आत बसलो. यंदा सोळा वर्षं होतील म्हणून तिला नवं पत्रक छापायचंय. ती म्हणाली, लोक चेहऱ्यापाशी थांबतात. रिकाम्या चौकटीपाशी कोण थांबणार? छापखानेवाला म्हणाला, पक्ष्याचं चित्र टाकतो, तर हिला नको. हिला चेहरा हवा, आणि चेहरा तिनं पाहिलेलाच नाही.



बाईंचा पुढचा प्रश्न: इर्मानं सत्य शोधलं नसतं तर ती सुखी राहिली असती का? तुझं उत्तर लवकर पाठव. पुस्तक पुरं कर गं. तुझ्याशिवाय वर्गात अगाताची बाजू घ्यायला कुणी उरलं नाही.

सिल्याना

~

बुर्गास, ५ नोव्हेंबर २००३

सिल्याना,

सांगितलं होतं जाऊ नकोस. एकदा सांगितलेलं कळत नाही तुला? आणि ते गहू तोंडात घातलेस. घातलेस ते घातलेस, वर तोंडानं बोललीसही. आजच्या आज चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लाव, जिवंतांसाठी लावतात त्या बाजूला. उद्यावर टाकू नकोस.

आता नीट ऐक. त्या मिन्काचं डोकं फिरलेलं आहे. दोल्ना रेकाला असताना तिला सहा महिने वेड्यांच्या दवाखान्यात ठेवली होती. लोकांच्या मुली बघून आपलीच म्हणायची. तिनं काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस, तिच्याकडचं काही घेऊ नकोस, तिला घरचं काही देऊ नकोस. तुझ्या आई-बाबांची शपथ आहे तुला.

इर्मा सुखी राहिली असती. हे आहे माझं उत्तर. पोटभर जेवली असती, वेळेवर लग्न झालं असतं, मुलं झाली असती. सत्यानं कुणाची खोली गरम होत नाही.

हे पत्र वहीत लावू नकोस. वाच आणि चुलीत टाक.

तुझ्या वाढदिवसाला सोळा तारखेला मी येतेय. तोवर घर-शाळा, शाळा-घर.

आत्या

~

ओरेशेन, ९ नोव्हेंबर २००३

प्रिय आत्या,

पत्र चुलीत टाकलं नाही. पुन्हा पुन्हा वाचलं.

मी तुला तिचं नाव कधीच लिहिलं नव्हतं. मला स्वतःलाच शुक्रवारपर्यंत ठाऊक नव्हतं, पत्रकावर फक्त 'आई' आहे. तुला कुठून कळलं? आठवत नाही म्हणालीस आणि आता नाव आठवतंय, सहा महिने आठवतायत. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, आत्याला विसरायची सवय लागलीय, चिडू नकोस. पण ही विसरायची सवय दिसत नाही.

आणि तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी मी एक गोष्ट करून बसले होते. आईला कळलं तर माझी धडगत नाही. जिवंत माणसाचा फोटो शोकपत्रकावर, नुसतं म्हटलं तरी ती तीनदा थुंकेल. पण मला वाटलं, सगळी तान्ही बाळं सारखीच दिसतात. त्या बाईची चौकट भरेल, चार माणसं थांबतील, माझं काय जातंय? म्हणून आईच्या डब्यातला माझा पहिला फोटो नेऊन दिला. बाबांनी काढलेला तो, मी घरी आले त्या दिवसाचा, टोपीतला. छापखानेवाला चेहरा जरा धूसर करून देईल म्हणाला होता.

तिनं फोटो हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला. इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं बहुधा आवडला नाही. मग विचारलं, टोपी कुणी विणली? म्हटलं, ठाऊक नाही, आई म्हणते मी आले तेव्हा डोक्यावर होती, आत्यानं घालून आणलं होतं. ती खाली बसली. रडली. साहजिकच आहे, इतक्या वर्षांनी चौकटीला चेहरा मिळाला. फोटो ठेवून घेऊ का विचारलं. मग तुझा पत्ता मागितला. म्हणाली, त्या सिस्टरला दोन ओळी लिहायच्यात. मी दिला.

निघताना तिनं माझ्या कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, मी काय तीन वर्षांची आहे? आणि मी लावू दिली. का ते सांगता येत नाही.

आत्या, मला भीती वाटतेय, आणि कशाची ते कळत नाही. तू फोन कर. आईला नको, मला.

सिल्याना

~

ओरेशेन, १० नोव्हेंबर २००३

श्रीमती रायना यांस,

मी मिन्का. सातवी खाट, खिडकीजवळची. तुम्ही मला 'पोरी' म्हणायचात.

सूतिकागृहात असताना मी टोपी विणली होती. हिरवी लोकर संपली म्हणून शेवटच्या तीन ओळी पिवळ्या, आणि कानापाशी एक टाका सुटलेला. तो तसाच राहिला. तुम्ही म्हणालात, टोपी घालूनच पुरते, काळजी करू नकोस. मी तुमचा हात धरून आभार मानले होते. दरवर्षी मेणबत्ती लावताना मुलीनंतर तुमचंही नाव घेत आले. देवा, तिनं माझ्या मुलीचं डोकं थंडीत उघडं ठेवलं नाही, असं म्हणत आले.

फोटोत सुटलेला टाका दिसतो.

मला ओरडायचं नाही. शेजारणीला सांगितलेलं नाही, पोलिसांत गेलेली नाही. मुलीला तर काहीच सांगितलेलं नाही, ती बिचारी माझी चौकट भरायला आली होती. येत्या शुक्रवारी चौदा तारीख आहे. मी दुपारी दोन वाजता त्यांच्या घरी जाणार आहे. त्याआधी तुम्ही स्वतः येऊन त्यांना आणि तिला सांगितलंत तर मी फाटकाबाहेर थांबेन, सगळं बोलून होईपर्यंत. नाही आलात तर मी दार वाजवेन.

पत्रक यंदा छापायला दिलेलं नाही.

मिन्का

~

बुर्गास, १३ नोव्हेंबर २००३, बसचालकाच्या हाती

सिल्या, माझ्या बाळा,

फोन केला तर वेस्कानं उचलला, म्हणून काही बोलता आलं नाही. हे पत्र पहाटेच्या बसच्या चालकाबरोबर पाठवतेय, तो शाळेत आणून देईल. ओळखीचा आहे. त्यानं दिल्याबरोबर वाच.

शुक्रवारी शाळा सोड. घरी जाऊ नकोस. साडेबाराची बस पकड आणि इकडे ये, तिकिटाचं मी चालकाला सांगितलंय. आई-बाबांना मी नंतर कळवते. तुला इथल्या शाळेत घालू, समुद्राकडची खोली तुझी. आपण दोघी राहू. तुला नेहमी हवी होती ना ती खोली.

दुपारी घरी एक बाई येईल आणि काहीबाही सांगेल. तू ते ऐकायला तिथे नसावंस एवढंच मला हवंय. दान्चो आणि वेस्का ते सहन करतील, मोठे आहेत. तू एकदा ऐकलंस की परत न ऐकल्यासारखी होणार नाहीस. मी तुझं वाईट कधी केलं का? तुला ताप आला तर रात्रीची बस पकडून कोण यायचं? तुला पहिल्यांदा उचललं ते या हातांनी. कडाक्याची थंडी होती, बसच्या खिडकीला काच नव्हती, मी तुला कोटाच्या आत धरून आणलं आणि सबंध वाट तू माझं बोट सोडलं नाहीस.

पिशवी भरू नकोस, कुणाला काही विचारू नकोस. बसमध्ये चढ आणि मागे पाहू नकोस. पाहिलंस तर आयुष्यभर दिसत राहील.

वाट बघतेय.

आत्या

~

ओरेशेन, २० नोव्हेंबर २००३

श्रीमती रायना यांस,

पत्र शुक्रवारी दुसऱ्या तासाला मिळालं. मी दोनेवा बाईंना डोकं दुखतंय सांगितलं आणि बसस्थानकावर गेले. खरंच गेले. तुम्ही बोलावलं आणि मी गेले नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. चालकानं दार उघडलं, मी पायरीवर एक पाय ठेवला. आत बसून पुन्हा नीट वाचायचं म्हणून पत्र हातात होतं आणि 'पाहिलंस तर आयुष्यभर दिसत राहील' ही ओळ समोर आली.

ती ओळ मी आधी ऐकली होती. तुम्हालाच लिहूनही पाठवली होती, १४ ऑक्टोबरला. मी पाय खाली घेतला. चालक म्हणाला, येतेयस की नाही? मी म्हटलं, नाही.

स्थानकाच्या बाकावर बसून राहिले, घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. स्वयंपाकघरात आई आणि मिन्का समोरासमोर बसल्या होत्या आणि मधे टेबलावर टोपी होती. आईनं ती माझ्या पहिल्या झबल्याबरोबर पेटीत जपून ठेवली होती, धुतलेलीही नव्हती. दोघी टोपीला हात लावत नव्हत्या. बाबा दाराशी उभे होते. ते एवढंच म्हणाले, 'रायनानं सांगितलं होतं, पोरीची आई बाळाकडे न बघताच निघून गेली.' मिन्का म्हणाली, 'मला सांगितलं होतं, बघू नकोस.' मी आई-बाबांच्या पोटची नाही, हे मला तेव्हाच कळलं. चूल विझली तरी कुणी लाकूड घातलं नाही.

मी मूल नव्हे, मला कळत होतं आई काय बघतेय. ती बघत होती मी कुणाच्या बाजूच्या खुर्चीवर बसते. मी उभीच राहिले. आई रोज रात्री माझ्या खोलीत येऊन पांघरूण नीट करून जाते आणि बाहेर जाऊन रडते. मला तिचा राग येत नाही. मिन्का सोळाला आली नाही, म्हणाली, तो तुमचा दिवस. माझा खरा वाढदिवस चौदा तारखेला आहे म्हणे. मधले दोन दिवस कागदांतून कुठे गेले ते तुम्हालाच ठाऊक. सोळाला टेबलावर तुमचंही ताट होतं, आईनं सवयीनं मांडलं. मी उचलून ठेवलं.

मंगळवारी मिन्का गरम पाण्याची बादली आणि खरवडणी घेऊन गावभर फिरली आणि खांबांवरची आपली जुनी पत्रकं काढली. लोक बघत होते. चौथ्या खांबापासून मी बादली धरली. हिरव्या फाटकावरचं तेवढं तिनं काढलं नाही, मी काढावं म्हणाली. ते नीट निघालं नाही, चौकटीचा एक कोपरा अजून आहे.

दोनेवा बाईंना तुमची सगळी पत्रं दिली, चुलीत टाकायचं होतं तेही. कादंबरीवरचा शेवटचा प्रश्न होता, तुमची माणसं कोण, यादी करा. मी बाबा, आई, मिन्का एवढंच लिहिलं आणि खाली एक ओळ मोकळी ठेवलीय. मला तुमची आठवण येते. हे लिहायचं नव्हतं, पण येते. रोज चार वाजता येते, तुमच्या फोनच्या वेळेला.

तुम्ही पुस्तक पुरं केलं नाहीत म्हणून शेवट सांगते. इर्मा अगाताच्या दारात जाते. वर्गात सगळ्यांना वाटलं होतं, आता ती ओरडेल, नाहीतर कोट तोंडावर फेकेल. ती तसं काही करत नाही. आपलं पत्र हातात धरून एवढंच विचारते, पिशवीत आणखी कुणाची पत्रं आहेत?

तुमच्या कपाटाच्या काचेत सात फोटो आहेत. दरवर्षी येतात म्हणालात, काही जण मधही पाठवतात म्हणालात. घरच्या पोरीचा लावत नाहीत, म्हणून मी त्यात नाही. म्हणजे मी आठवी.

त्या सातांची नावं आणि गावं लिहून पाठवा. त्यांच्या आयाही अजून कुठे कुठे चौकटी चिकटवत असतील.

सिल्याना